डावा पांढरा, उजवा पिवळा

खोलदरा घाटात गाडीचा दिवा जेवढा उजेड पाडतो तेवढाच रस्ता असतो. त्याच्या पुढे काही नसतं. घाट अरुंद, आणि झाडीनं नि धुक्यानं इतका भरलेला की भर दुपारीही ऊन तिथं उतरत नाही. त्यामुळे माचघरची जीप बाराही महिने दिवे लावूनच खाली तळोशीला जाते. दिवे पुढे सरकतील तसा रस्ता होत जातो आणि मागे मिटत जातो. माचघरच्या लोकांना यात काही विशेष वाटत नाही. एखादा पाहुणा कधी विचारतो, मागे वळून पाहिलं तर काय दिसतं? त्याला सांगतात, वळून पाहू नये, मान अवघडते.

जीपचे बल्ब ही म्हणून साऱ्या गावाची बाब होती. बल्ब कुठला घ्यायचा, किती वॅटचा घ्यायचा, कधी बदलायचा, हे ग्रामपंचायतीची दिवा समिती ठरवायची. वर्षानुवर्षं एकाच जातीचे पिवळे बल्ब लागत. त्या पिवळ्या उजेडात घाटाला आठ वळणं होती, आणि आठव्या वळणानंतर तळोशीचा एसटी स्टँड यायचा. बल्ब बंद पडला तर तो 'गेला' असं कुणी म्हणत नसे. बांगडी फुटली की वाढली म्हणतात, तसा बल्बही वाढला म्हणत. आणि खाली पोचल्यावर दिवे मालवण्याआधी जीपचा ड्रायव्हर समोरच्या रस्त्याला 'येतो' म्हणायचा, घरातून निघताना म्हणतात तसंच. जातो म्हटलं तर परतीला रस्ता कशाला होईल?

शर्वरी उतेकर याच गावची. नॉर्वेत जाऊन ती प्रकाशाचं शास्त्र शिकून आली. तिथल्या ज्या गावात ती राहिली तिथं हिवाळ्यात सूर्य उगवत नसे, तरी लहान मुलं सायकलवरून शाळेत जात, कारण रस्त्यावर दिवे होते. त्या दिव्यांखाली उभं राहून तिनं माचघरला परत यायचं ठरवलं होतं. तिथल्या प्राध्यापकांनी थांब म्हटलं, चांगली नोकरी देऊ केली. ती थांबली नाही. तिचा थोरला भाऊ हणमंत माचघरची जीप चालवायचा, आणि दोन म्हशी आडव्या उभ्या राहतील एवढ्या रस्त्यावर आपला भाऊ रोज जीव मुठीत धरून उतरतो, हे तिला सात समुद्रांपलीकडेही रात्री झोपू देत नसे.

आल्या आल्या तिनं दिवा समितीपुढे पांढऱ्या बल्बची जोडी ठेवली.

"उजेड किती पडतो?" सरपंच लीलाताई सपकाळ यांनी विचारलं.

"आत्ताच्या तिप्पट, ताई."

"म्हणजे रस्ता तिप्पट."

"हो! दादाला लांबचं आधीच दिसेल. वळणापलीकडचं दिसेल."

ग्रामसेवक ढेबे भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "वाढीव रस्ता कुणाच्या हद्दीत धरायचा? आपल्या की तळोशीच्या?"

"उजेड आपल्या गाडीचा, तर रस्ता आपला," लीलाताई म्हणाल्या.

"मग खड्डेही आपले."

"असू द्या की. आधी रस्ता तर होऊ द्या."

शर्वरी उभीच राहिली. तिला बसून बोलता येत नसे. "भाऊसाहेब, प्रश्न हद्दीचा नाही. उजेड हा माणसाचा हक्क आहे. उजेड वाढला की भीती कमी होते."

"कुणाची?"

"म्हणजे?"

"कुणाची भीती कमी होते? ठरावात लिहावं लागतं."

"सगळ्यांची," शर्वरी म्हणाली. भाऊसाहेबांनी 'सगळ्यांची' असं लिहिलं.

बल्ब बसवायला मारुतीच्या देवळापुढे जीप उभी केली. सगळा गाव जमला. शर्वरीनं मोठ्या आवाजात समजावून सांगितलं की हे बल्ब वीज जास्त ओढतात, जुन्या वायरीवर ते फार तापतील. वेगळी जाड वायर आणि विजेचा जादा भार घेणारा रिले मागवला आहे, तो आठवडाभरात येईल. खरं तर तोवर थांबायला हवं होतं. पण थांबणं तिला जमत असतं तर ती नॉर्वेतच थांबली असती. दुसरी गोष्ट तिनं दोनदा सांगितली. बल्बच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही. कातडीचं तेल काचेला राहतं, तेवढीच जागा जास्त तापते, काच तिथं फुगते आणि एक दिवस फुटते. म्हणून तिनं बल्ब धुतलेल्या पांढऱ्या रुमालात धरला होता.

डावा बल्ब बसला. उजवा तिच्या हातात असतानाच आई ताट घेऊन आली. नवी वस्तू गाडीला लागते म्हटल्यावर ताट आलंच पाहिजे. आईनं बोट कुंकवात बुडवलं आणि शर्वरी काही बोलायच्या आत ते उजव्या बल्बच्या काचेला टेकवलं. मग हात जोडून डोळे मिटले.

काचेवर आईच्या बोटाएवढा लाल ठसा उमटला. शर्वरीनं दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा धरलाच होता. एकदा फिरवला की झालं असतं. पण तो बोळा ती ठशाजवळ नेईना. साऱ्या गावासमोर, आईच्या समोर, भावाच्या गाडीचं कुंकू पुसायचं? नॉर्वेत तिला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"काय बघत बसलीस?" हणमंत म्हणाला. "आण हिकडं. उशीर होतोय."

तिनं बल्ब दिला.

हणमंतनं दिवे लावले. पांढरा उजेड घाटाच्या तोंडात शिरला आणि कुणी कधी पाहिला नव्हता एवढा रस्ता तिथं झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपकेंद्राची औषधं आणायला तळोशीला जायचं होतं. हणमंत गाडीत चढला, स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावला.

"येतो गं, शरू."

"जाऊन ये, दादा."

आठव्या वळणावर पोचला की तो फोन करायचा. रस्ता असेल तिथवर फोनला रेंज असतेच. फोन आला तेव्हा शर्वरी, लीलाताई आणि भाऊसाहेब पंचायतीच्या ओट्यावर चहा घेत होते. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिनं स्पीकर लावला.

"आठवं झालं गं," हणमंत म्हणाला.

"पोचलास मग! कसा वाटला उजेड?"

"पोचलो न्हाई. नववं आलंय."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "नववं वळण आपल्याकडं नोंदलेलं नाही."

"असंल नसंल. आलंय खरं. रस्ता ब्येस हाय, डांबर कोरं करकरीत. फकस्त एक हाय गं शरू, समोर उजव्या अंगाला एक भोक हाय."

"खड्डा?"

"खड्ड्याला बूड असतंय. ह्याला न्हाई. बोटाच्या टोकाच्या आकाराचं हाय, पण दाराएवढं. आन् ते माझ्या म्होरं म्होरं पळतंय. मी वळलो की ते वळतंय."

शर्वरीच्या ते लक्षात आलं. उजव्या बल्बवर जिथं कुंकू होतं तिथून उजेड येत नव्हता. आणि जिथं उजेड नाही तिथं रस्ता नाही. इतकी साधी गोष्ट होती.

"दादा, डाव्या बाजूनं चालव. त्या भोकात चाक घालू नकोस."

"घालतोय व्हय! येडा हाय का मी?" तो हसला. पण हसणं लवकर संपलं.

वळणं येत राहिली. हणमंतनं मोजणं सोडून दिलं. पुढच्या फोनला त्याचा आवाज खाली आला होता, शेजारी कुणी झोपलं असावं तसा.

"घरं लागली."

"तळोशीची?"

"तळोशीला मी ओळखत न्हाई व्हय? ही निराळी हायत. दारं नवी, भिंती नव्या. आन् माणसं हायत. दोन्ही कडंला उभी हायत. हात करत्यात, थांब म्हणून."

"थांबू नका," लीलाताई म्हणाल्या.

"ताई, म्होरं मधोमध बी उभी हायत."

गाडी थांबल्याचा आवाज आला. इंजिन चालू होतं. शर्वरी उठून उभी राहिली. "दादा, डिपरवर घे. उजेड खाली पाड, म्हणजे लांबची माणसं राहणार नाहीत."

खट्ट आवाज झाला.

"घेतला डिपरवर."

"मग?"

"उजेड जवळ आला तशी तीबी जवळ आली. बंपरला टेकल्यात."

मग हणमंत म्हणाला, "आन् शरू, रबर जळल्यावानी वास येतोय."

तो वास माचघरात येणं शक्य नव्हतं, तरी तो शर्वरीला आला. जुनी वायर तापली होती. होल्डर वितळत होता. तो पुरता वितळला की दिवे बंद पडणार होते, आणि मग हणमंतच्या चाकांखाली काहीच राहणार नव्हतं.

"दादा, डॅशबोर्डच्या कप्प्यात जुने पिवळे बल्ब आहेत. ते काढ. एका वेळी एकच बदलायचा. एक तरी दिवा चालू राहिला पाहिजे. पिवळ्या उजेडात पुन्हा आठच वळणं होतील, तू सुटशील."

"खाली उतरावं लागंल."

"हो."

"ह्यांच्यात."

"हो, दादा."

दार उघडल्याचा आवाज आला. मग फोनमधून एका बाईचा स्वच्छ, शांत आवाज आला. "नमस्कार. हे दिवे काढणार म्हणताहेत. तेवढं काढू नका म्हणावं."

लीलाताई सावरून बसल्या. "नमस्कार. आपण कोण?"

"आम्ही इथलेच."

"कधीपासून?"

"यांनी हे वळण घेतलं तेव्हापासून."

भाऊसाहेबांनी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "नाव काय म्हणायचं?"

"अजून ठेवलेलं नाही."

"गावाचं, की तुमचं?"

"दोन्ही," बाई म्हणाली. "वेळच मिळाला नाही. आत्ताच तर आलोय. तिकडं ती म्हातारी माणसं उभी आहेत, तीही आत्ताच आलीत. पण म्हातारी आहेत हो. त्यांना उभं राहवत नाही."

"आमच्या माणसाला परत यायचंय," लीलाताई म्हणाल्या.

"त्यांनी यावं की. कुणी धरून ठेवलंय? पण ते दिवा नेणार. मग आमचं काय?"

हा प्रश्न कुणाला विचारला होता ते स्पष्ट नव्हतं, पण लीलाताई आणि भाऊसाहेब दोघांनी शर्वरीकडे पाहिलं. शर्वरीला ओरडून सांगायचं होतं, दादा, बल्ब बदल आणि निघ. पण तिच्या तोंडून ते निघेना. दिव्याखाली उभं राहून तिनं ज्यांच्यासाठी परत यायचं ठरवलं होतं ती अशीच, अंधारातली माणसं होती. ही आता उजेडात होती, आणि उजेड तिनं आणला होता.

"एक दिवा तुमच्याकडे राहील," ती म्हणाली. "उजवा. दादाला एकाच दिव्यावर येऊ द्या."

"वीज?" बाईनं विचारलं.

"गाडीत दुसरी बॅटरी आहे." ती होतीच. एक बॅटरी बंद पडली म्हणून रस्ता बंद पडू नये, यासाठी माचघरच्या गाडीत नेहमी दोन असत.

"आणि बॅटरी उतरली की? बल्ब वाढला की?"

बाई 'वाढला' म्हणाली, हे ऐकून भाऊसाहेब दचकले. ती खरंच इथलीच होती. "बरोबर आहे," ते पुटपुटले. "देखभाल कुणाकडं राहणार?"

"माझ्याकडे," शर्वरी म्हणाली.

मग तिनं भावाला एक एक सांगायला सुरुवात केली. आधी सगळ्यांना उजव्या दिव्यापुढे घे. मग डावा. पांढरा काढ, पिवळा घाल. बाहेर काढल्यावर काचेला बोट लावू नकोस. आता उजवा. तो नुसता बल्ब नाही, परावर्तकासकट अख्खा दिवाच काढायचा. आधी दुसऱ्या बॅटरीची वायर जोड, मग गाडीची तोड. म्हणजे मध्ये अंधार होणार नाही. स्क्रू काढताना बाजूला बसून काढ, दिव्यापुढे येऊ नकोस.

पान्याच्या घासण्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"शरू."

"काय झालं?"

"हात सटकला. वाकलो, तशी माझी सावली पडली."

"कुणावर?"

"एक म्हातारं हुतं. मघापासनं माझ्याशी बोलत हुतं, बॅटरी धरू लागलं हुतं. सावली पडली आन् ते न्हाई झालं."

"दादा, सरक!"

"सरकलो की. सरकलो तसं पुन्यांदा आलं. तितंच, तसंच. पण आता मला ओळखत न्हाई गं. आपल्या बायकोला बी ओळखंना झालंय. इचारतंय, तुम्ही कोण?"

बाई मागून म्हणाली, "त्यांना 'येतो' म्हणायला वेळ मिळाला नाही."

तळोशीला न जाताच हणमंत परतला, तेव्हा जीपला एकच दिवा होता, डावा, पिवळा. उजव्या जागी खोबण होती आणि तिच्यातून वायरी लोंबत होत्या. अर्ध्याच रस्त्यावरून, उजवी चाकं कशावर टेकली आहेत याचा विचार न करता, तो वर आला होता. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"बल्ब वाढला का रे?" आईनं विचारलं.

"बल्ब न्हाई, आई," तो म्हणाला. "रस्ता वाढलाय."

दिवा समितीनं रीतसर ठराव केला. यापुढे जीपला डावा बल्ब पांढरा आणि उजवा पिवळा राहील: पांढरा नव्या गावाला जायला, पिवळा परत यायला. खाली तळोशीला जाताना पांढरा मालवावा. दोन्ही बल्ब एका वेळी पांढरे लावू नयेत. रिले आला, जाड वायर आली, ती शर्वरीनं स्वतः बसवली. वाढीव गाव माचघरच्या हद्दीत धरलं गेलं. मतदारयादीचं काय करायचं, हे नाव ठेवल्यानंतर बघायचं ठरलं.

दर बाजारच्या दिवशी हणमंत भरलेली बॅटरी घेऊन तिकडं जायचा आणि उतरलेली घेऊन यायचा. आधी नवी जोडायची, मग जुनी तोडायची. त्यात अडचण नव्हती. लोकांनी दिवा एका खांबावर बांधला होता. कुंकवाच्या ठशाचं ते भोक आता एका जागी थांबलं होतं, आणि पोरं आत जाऊ नयेत म्हणून त्याच्याभोवती काट्याचं कुंपण घातलं होतं. म्हातारा अजून प्रत्येक खेपेला हणमंतला विचारायचा, तुम्ही कोण? हणमंत प्रत्येक खेपेला सांगायचा. ते सांगून आला की त्या दिवशी तो जेवत नसे.

एके दिवशी तो आला आणि पायऱ्यांवरच बसला.

"काच फुगलीय," तो म्हणाला. "कुंकवाच्या जागी. डोळा आल्यावर फुगतोय तशी."

शर्वरीला हे कधी ना कधी ऐकायचंच होतं. तिनं स्वतःच सगळ्या गावाला सांगितलं होतं. काच फुटली तर बल्ब एका क्षणात बंद होणार, आणि तिथल्या एकालाही 'येतो' म्हणायला वेळ मिळणार नाही. फुटायच्या आत तो बदलायला हवा होता. पण बल्ब बदलायचा तर जुना काढावा लागतो, आणि जुना काढून नवा घालेपर्यंत मध्ये अंधार असतो. कितीही हात चालला तरी असतो.

"आपण दुसरा अख्खा दिवाच नेऊ," ती म्हणाली. "आधी तो लावू, मग हा काढू."

"म्या बी त्येच म्हणलं. बाई नको म्हणाली. आणखी उजेड म्हणजे आणखी माणसं. हाय त्यातच जागा पुरंना."

"आपल्या गाडीचा पांढरा असेलच की तिथं."

"डावा. त्यात अर्धं गाव मावतंय. खांब उजव्या अंगाला हाय."

आत आई भाकरी थापत होती, तिचा थप थप आवाज येत होता.

"मी बदलून येतो," हणमंत म्हणाला. "मला सवय हाय आता."

"नाही. देखभाल माझ्याकडे आहे."

"शरू, तू त्या म्हाताऱ्याला बघितलं न्हाईस."

"म्हणूनच तू गाडीत बसायचंस. अंधारात हात चालतील, पण मी कोण ते विसरले तर सांगायला कुणीतरी उजेडात पाहिजे ना."

निघताना आईनं ताट आणलं. नव्या बल्बकडे तिनं पाहिलं, मग शर्वरीकडे पाहिलं, आणि कुंकवाचं बोट शर्वरीच्या कपाळाला लावलं. "जाऊन या," ती म्हणाली. 'या' जरा मोठ्यानं म्हणाली.

आठव्या वळणापर्यंत शर्वरी बोलत होती. नॉर्वेतल्या दिव्यांबद्दल, सायकलवरच्या मुलांबद्दल, पुढच्या वर्षी घाटाच्या तोंडाशी काय काय करता येईल त्याबद्दल. नवव्या वळणावर ती थांबली. डाव्या अंगाला रस्ता स्वच्छ, पांढरा, पानापानासकट दिसत होता. उजव्या अंगाला पिवळ्या उजेडात काही नव्हतं. दगड नव्हता की दरी नव्हती. तिकडं पाहू नये असं वाटे आणि डोळे तिकडेच जात.

"म्होरं बघ," हणमंत म्हणाला. "मान अवघडंल."

गाव आलं. लोकांनी सगळी तयारी करून ठेवली होती. म्हातारी माणसं, लहान मुलं, एक बाळंतीण आणि दोन शेळ्या डाव्या अंगाला, जीपच्या उजेडात दाटीनं उभ्या केल्या होत्या. त्यांच्यात तो म्हाताराही होता. उरलेले उजवीकडे खांबाभोवती उभे होते. फोनवरची बाई पुढे आली. तिशीची असेल, साधं लुगडं नेसलेली. ती आईसारखी दिसते, हे शर्वरीच्या लक्षात आलं, आणि मग सगळीच माणसं थोडी थोडी आईसारखी दिसतात हेही.

"तुम्हीच का त्या?" बाई म्हणाली. "फोनवर आवाज मोठा वाटला होता."

"तुम्ही डावीकडे का नाही गेलात?"

"जागा होती एकच. तिच्यात शेळी बसली." बाई हसली. "शेळीला 'येते' म्हणता येत नाही ना. आम्हाला येतं."

खांबावरच्या दिव्यात बल्ब पांढरा जळत होता आणि त्याच्या एका कुशीत फुगलेला फोड होता. आत लालसर डाग अजून दिसत होता. शर्वरीनं मागची रबरी टोपी काढली. नवा बल्ब रुमालात गुंडाळून डाव्या हातात धरला, जुना काढायला जाड फडकं उजव्या हातात घेतलं. मग फोडातल्या लाल डागाकडे बघत ती तशीच उभी राहिली. काचेतून बारीक चरचर ऐकू आली.

"ताई," बाई हळू म्हणाली, "थांबू नका आता."

"जुना काढायचा, नवा घालायचा, बल्ब धरून ठेवणारी तार अडकवायची," शर्वरी म्हणाली. "मी कोण ते विसरले तरी हातांना एवढं आठवलं पाहिजे." ती मागे वळली. "दादा! दिवा चालू आहे ना?"

"चालू हाय!" जीपमधून हणमंत ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "तू शर्वरी उतेकर! माचघरची! माझी धाकटी भैन!"

"अजून विसरले नाही रे. नंतर सांग."

"आत्ताबी सांगतो, नंतरबी सांगतो!"

म्हाताऱ्यानं डाव्या गर्दीतून मान वर काढली आणि शेजारच्या बाळंतिणीला विचारलं, "ती पोरगी कोण?"

खांबाभोवतीच्या माणसांनी पदर, टोप्या सारख्या केल्या, पाहुण्यांच्या घरून उठताना करतात तशा. मग एकेक जण बोलू लागला. येतो. येते हं. येतो, बरं का. घाई न करता, कुणाचं राहून जाऊ नये अशा बेतानं, शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांनी म्हटलं. बाईनं शर्वरीच्या खांद्याला हात लावला आणि तीही म्हणाली, येते.

शर्वरीनं फडक्याच्या हातानं तार सोडली.

"शरू, जाऊन ये!" हणमंत ओरडला.

"येते, दादा," ती म्हणाली, आणि बल्ब काढला.